तळघरातले नऊ पाहुणे

महिन्याच्या पहिल्या शनिवारी, दुपारचं जेवण उरकलं की गेर्नोट वुंडरलिश आपला संगणक हातगाडीत निजवतो. गाडी लाकडी, चार चाकांची. मुलगी लहान असताना तिला बालवाडीत पोचवायला घेतलेली. खाली रजई, वर घोंगडी, कडेला पडदा आणि कीबोर्ड, आणि एका कापडी पिशवीत तारांचं भेंडोळं. घरापासून चर्चच्या सभागृहापर्यंत सगळा उतारच आहे. गाडी पुढे धावू बघते आणि सत्तरीचा हा उंच, किंचित वाकलेला माणूस तिला मागे खेचत चालतो. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हट्टी वासरू घेऊन कुणी निघालंय.

सभागृहात त्या दिवशी दुरुस्तीचा शनिवार असतो. सहा टेबलं, सहा म्हातारे-म्हाताऱ्या, आणि दाराशी मोडक्या वस्तू घेऊन उभे असलेले लोक. केक ज्याने त्याने घरून आणायचा, कॉफी सभागृहाची. नियम एकच, पण कडक: वस्तू ठेवून जायचं नाही. ज्याची वस्तू, त्याने दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि काय चाललंय ते बघायचं.

गेर्नोटचं टेबल चौथं. त्याच्यावर पुठ्ठ्याची पाटी: ‘जुन्या फायली’. तिसऱ्या टेबलावर फोल्कमार बसतो. दिवे, टोस्टर, केस वाळवायची यंत्रं हे त्याचं खातं, आणि तोंड कायम चालू.

“आला बघा खानावळवाला! आज किती पाहुणे आणलेस?”

“नऊच. वाढले नाहीत.”

“आणि खातात काय?”

“वीज. तुझ्या टोस्टरपेक्षा कमी.”

पाहुणे हा शब्द फोल्कमारचा नव्हे, त्या कामातलाच आहे. गेर्नोटच्या एका संगणकाच्या पोटात नऊ संगणक राहतात. ते खरे नाहीत, पण त्यांचं त्यांना ते ठाऊक नसतं. प्रत्येकाला वाटतं, आपल्याला आपली डिस्क आहे, आपला पडदा आहे, आपलं घड्याळ आहे. बाहेरचा संगणक यजमान. त्याने आपल्या जागेतला थोडा तुकडा, थोडी मेमरी काढून द्यायची आणि आतल्याला ते सगळं जग आहे असं वाटू द्यायचं. एका पाहुण्याच्या घरी अजून अठ्ठ्याण्णव साल आहे. दुसरा त्याहून म्हातारा. त्याला माउस म्हणजे काय ते माहीत नाही. लोक ज्या फायली आणतात त्या आजच्या कुठल्याही संगणकाला वाचता येत नाहीत. गेर्नोट कपाळाला आठ्या घालून विचार करतो, नवांतला एक उठवतो आणि फाईल त्याच्या हातात देतो. असं करून त्याने एका दंतवैद्याचा प्रबंध उघडलाय, चर्चच्या गायकवृंदाची स्वरलिपी उघडलीये, आणि चाळिशीच्या एका बाईला तिच्या लहानपणीच्या खेळाची सुरुवातीची धून ऐकवलीये. ती बाई धून संपल्यावर उठून गेली आणि पुढच्या महिन्यात चेरीचा केक घेऊन आली.

हे सगळं त्याला उतारवयात सापडलं. मूळचा तो कारखान्यातला. फोग्टलांडच्या या डोंगराळ भागात भरतकामाची मोठाली यंत्रं बनायची आणि त्या यंत्रांच्या विजेच्या कपाटांत तारा जोडायचं, त्या तपासायचं काम गेर्नोटचं. अडतीस वर्षांचा असताना मधली भिंत पडून देशाचे दोन तुकडे एक झाले आणि वर्षभरात कारखान्याला कुलूप लागलं. मग त्याने छपरांवर टीव्हीच्या थाळ्या बसवल्या, फर्निचरच्या गोदामावर पहारा केला, एक वर्ष काहीच केलं नाही. त्या वर्षाबद्दल तो बोलत नाही. त्याची बायको कार्लाही बोलत नाही. ती इस्पितळात परिचारिका होती आणि तिच्या पगारावर घर चाललं. शेवटी जिल्ह्याच्या शाळेत संगणकखोलीचा सांभाळ करणारा माणूस हवा होता, तिथे तो चिकटला. एकोणीस वर्षं राहिला.

शाळेत चोवीस संगणक होते आणि ते बिघडवायला चारशे मुलं. गेर्नोटने त्यावर उपाय शोधला होता. प्रत्येक संगणकाची सकाळची स्वच्छ स्थिती जपून ठेवायची आणि संध्याकाळी, दिवसभरात जे काही झालं असेल ते पुसून, यंत्र पुन्हा त्या सकाळवर आणून सोडायचं. मुलांनी शिव्या लिहिल्या, चित्रं चिकटवली, अर्ध्या वस्तू कचऱ्यात टाकल्या, तरी दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. मुख्याध्यापक म्हणायचे, “वुंडरलिश, माणसांचंही असं करता आलं असतं तर!” गेर्नोट हसायचा. पण मनात त्याला त्या कोऱ्या सकाळींचा अभिमान होता.

शाळेने जुनी यंत्रं फेकायला काढली तेव्हा त्याने ती घरी आणायला सुरुवात केली. तळघर भरलं. कार्ला बटाटे आणायला खाली गेली आणि रिकाम्या हातांनी वर आली.

“गेर्नोट, बटाट्यांपर्यंत वाट उरलेली नाही. आता एक तर डबे, नाही तर डम्पलिंग. तू ठरव.”

बटाट्याच्या डम्पलिंगशिवाय रविवार म्हणजे त्याला रविवारच वाटत नाही. त्याने डबे सोडले, पण आतल्या आत्म्यांना सोडवेना. मग त्याला कळलं की कुठल्याशा लोकांनी, ज्यांना तो कधी भेटला नाही आणि भेटणार नाही, असा एक प्रोग्रॅम लिहून जगाला फुकट वाटून टाकलाय, ज्याच्यामुळे एका संगणकात अनेक राहू शकतात. आठवडाभरात तळघर रिकामं झालं. त्या लोकांना त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत आभाराचं पत्र पाठवलं. दोन ओळींचं उत्तर आलं. ते त्याने छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय.

सप्टेंबरच्या शनिवारी त्याच्या टेबलापाशी एक ठेंगणी, नीटनेटकी बाई येऊन बसली. बिस्किटांच्या डब्यात सात फ्लॉप्या, आणि रुमालात गुंडाळलेला बोटभर लांबीचा एक खुंटा.

“मी आनेरोझ झायडल. हा खुंटा संगणकाच्या पाठीत लावल्याशिवाय माझा प्रोग्रॅम उघडत नाही. आणि आजच्या संगणकांना तशी पाठच नाही म्हणतात.”

“माझ्याकडच्याला आहे, झायडलबाई. मीच बसवलीये. कसला प्रोग्रॅम?”

“टाक्यांचा.”

ती लेसच्या कारखान्यात नक्षी टाक्यांत उतरवायची. चित्रकार कागदावर फूल काढून मोकळा व्हायचा. त्या फुलाचा प्रत्येक टाका कुठे पडेल, सुई कुठून कुठे जाईल, हे ठरवायचं काम तिचं. आधी कागदाच्या पट्टीत भोकं पाडून, पुढे संगणकावर. अठ्ठावीस वर्षं तिने दुसऱ्यांची फुलं टाक्यांत उतरवली. स्वतःची नक्षी एकदाच केली. अंगणातल्या होलुंडरच्या झाडाचे पांढरे तुरे, छत्रीसारखे उघडलेले. काम सुटल्यावर थांबून, मुकादमाच्या परवानगीने, दोन हिवाळे ती त्यावर बसली. नक्षी यंत्रावर चढायची वेळ आली त्या वसंतात कारखाना बंद झाला. पुढे निवृत्तीपर्यंत तिने बेकरीत पाव विकले.

“आता टिल क्र्योगरच्या कार्यशाळेत शेवटचं मोठं यंत्र उरलंय,” ती म्हणाली. “नोव्हेंबरच्या अखेरीला तो ते मोडून विकतोय. मी त्याला विचारलं. म्हणाला, शेवटच्या शुक्रवारी रिकामा वेळ आहे, नक्षी तयार असली तर दहा मीटर काढून देतो. नंतर नाही. नंतर यंत्रच नाही.”

“मग तयार नाहीये का ती?”

“वीस वर्षांपूर्वी मला वाटलं होतं आहे. आता डोळ्यांपुढे आणली की चुकाच दिसतात.”

गेर्नोटने खुंटा लावला आणि अठ्ठ्याण्णव सालच्या पाहुण्याला उठवलं. प्रोग्रॅम बसवला, फ्लॉप्या एकेक करून वाचल्या. सहावी वाचताना बराच वेळ कुरकुरली. मग पडद्यावर हिरव्या रेघांचा एक तुरा उमलला. आनेरोझबाईंनी काही विचारलं नाही. त्यांचा हात आपोआप माउसवर गेला आणि तीन टाके पुसून चार नवे पडले. मग भानावर येऊन त्यांनी हात मागे घेतला.

“माफ करा. तुमचा संगणक.”

“बसा, बसा,” गेर्नोट म्हणाला. त्या दिवशीची ती स्थिती त्याने आपल्या सवयीने जपून ठेवली आणि नेहमीसारखं नाव दिलं: ‘स्वच्छ’.

महिन्यातून एका शनिवारी हे काम होणार नव्हतं. म्हणून ऑक्टोबरपासून सोमवार, मंगळवार आणि बुधवार, दुपारी एकच्या बसने आनेरोझबाई येऊ लागल्या आणि तळघरात त्या पाहुण्यापुढे बसू लागल्या. चार वाजता कार्ला कॉफी आणायची आणि सव्वापाचला त्यांची बस असायची.

लेसचं काम कसं असतं ते गेर्नोटला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. उभी हयात त्याने यंत्राच्या एका टोकाला काढली होती आणि या बाईने दुसऱ्या टोकाला. यंत्र पाण्यात विरघळणाऱ्या कापडावर टाके घालतं. मग ते कापड पाण्यात सोडतात. कापड नाहीसं होतं आणि उरतो तो फक्त दोरा. प्रत्येक फुलाने शेजारच्याला कुठे ना कुठे धरलेलं असलं तर जाळी उचलून हातात येते. एकाने जरी हात सोडला असला तरी तिथून उसवत जातं.

“म्हणजे पाण्यात घालेपर्यंत कळतच नाही?” गेर्नोटने विचारलं.

“कळतं. पण उशिरा.”

रोज निघताना त्या नक्षी दोनदा साठवायच्या: एकदा पाहुण्याच्या डिस्कवर, एकदा फ्लॉपीवर. पाहुण्याला फ्लॉपीचं खरं यंत्र जोडलेलंच नव्हतं. गेर्नोटने यजमानाच्या एका कोपऱ्यात एक छोटी फाईल ठेवून दिली होती, आणि पाहुण्याला ती फ्लॉपी वाटायची.

“याचा आवाज येत नाही हो, वुंडरलिश. लिहिलं की नाही कसं समजायचं?”

“बाई, ती फ्लॉपी खोटी आहे. कुठून आवाज येणार?”

“खोटी का असेना. कोल्बेबाईंनी लावलेली सवय आहे.”

कोल्बेबाई म्हणजे त्यांच्या शिकाऊपणाच्या काळातल्या वरिष्ठ. सतरा वर्षांच्या आनेरोझकडून त्या प्रत्येक पट्टी दोनदा पाडून घ्यायच्या. एक यंत्रासाठी, एक कपाटासाठी. “अख्ख्या खोलीत मला एकटीला करायला लावायच्या. मला वाटायचं, यांचा माझ्यावर दात आहे.”

गेर्नोट हसला. तो लोकांना शहाणपण शिकवायचा की प्रती दोन ठेवा, पण पाहुण्यांच्या प्रती त्याने पहिल्याच वर्षी एकदा काढल्या होत्या, पुन्हा नाही. त्यांच्यात बदलण्यासारखं काही नसतंच, असं तो धरून चालला होता. दरवेळी ते परत आपल्या सकाळवर जायचे.

शेवटच्या आठवड्यातल्या बुधवारी खालच्या काठाचे तुरे एकमेकांत गुंतवता गुंतवता आनेरोझबाईंना वेळेचं भान राहिलं नाही. सव्वापाचला पाच कमी असताना कार्लाने वरून हाक मारली, तशा त्या ताडकन उठल्या.

“झालं! वुंडरलिश, झालं सगळं! साठवलंय मी. बंद करायचं तेवढं तुम्ही बघा, माझी बस...” आणि ओव्हरकोटाची एकच बाही घालून त्या जिना चढून गेल्यासुद्धा.

आजवर पाहुण्याला त्या आतून बंद करायच्या, शिकवलं होतं तसं, एकेक पायरीने. त्या दिवशी गेर्नोटने बाहेरून बंद केला. खिडकीच्या कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारली. पडद्यावर छोटी चौकट आली: पाहुण्याला बंद करायचं? आणि खाली एक रिकामा चौकोन: आधीच्या ‘स्वच्छ’ स्थितीवर परत न्यायचं? एकोणीस वर्षं शाळेत आणि पाच वर्षं सभागृहात जे बोट त्या चौकोनात खूण करत आलं होतं, त्याने ती केली. मग ‘ठीक’.

त्याला कळलं ते त्यानंतरच्या क्षणाला. एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत गेली. ती थांबवायला काही नव्हतं. त्याने पाहुण्याला पुन्हा उठवलं, नक्षी उघडली. सप्टेंबरातला होलुंडर. सहाव्या फ्लॉपीवरून आला तसाच, सगळ्या जुन्या चुकांसकट.

कार्लाने त्या संध्याकाळी बटाट्याचे वडे तळले होते, सोबत सफरचंदाचा मुरंबा. गेर्नोटने ताटाला हात लावला नाही.

“काय झालं?”

त्याने सांगितलं.

“आणता येणार नाही परत?”

“तीन तास तेच बघतोय. नाही.”

कार्लाने त्याचं ताट झाकून ठेवलं. “फोन करू नकोस,” ती म्हणाली. “सकाळी जा. समोर बसून सांग.”

“काय सांगू? की तिने सात आठवडे येऊन माझ्या घरात काम केलं आणि मी ते केर लोटावा तसं लोटून दिलं?”

“हेच सांग. याहून वेगळं सांगितलंस तर मला खपणार नाही.”

गुरुवारी सकाळी आठ वाजता तो आनेरोझबाईंच्या दारात उभा होता. अंगणात होलुंडरचं झाड, पानं झडलेलं. त्यांनी दार उघडलं. हात पिठाने माखलेले.

“वुंडरलिश? उद्या आहे ना क्र्योगरकडे?”

तो आत जाऊन बसला नाही. दारातच सांगून टाकलं, एका दमात, चौकोन, खूण, बोट, सगळं. शेवटी म्हणाला, “चूक यंत्राची नाही, बाई. माझी आहे. मला ती जागा स्वच्छ ठेवायची सवय लागलीये.”

आनेरोझबाई स्वयंपाकघराच्या खुर्चीवर बसल्या. पिठाचे हात मांडीवर ठेवले, ॲप्रनवर दोन पांढरे पंजे उमटले. बाहेर दुधाची गाडी गेली. गेर्नोटला वाटलं, आता ही बाई रडली तर आपण काय करणार आहोत? पण त्यांच्या कपाळावर फक्त एक आठी होती, टाका कुठे चुकला ते शोधताना पडायची तशी.

“आणि ती खोटी फ्लॉपी?” त्यांनी विचारलं.

“ती काय?”

“तीही मागे गेली?”

चोवीस तारा एका कपाटात जोडताना जसं एकेक टोक बोटाने चाचपत जायचं तसं गेर्नोटने मनात चाचपलं. डिस्क पाहुण्याची, ती मागे गेली. मेमरी पाहुण्याची, ती गेली. फ्लॉपी... पाहुण्याला वाटतं आपली आहे. पण ती राहते यजमानाकडे, त्या कोपऱ्यातल्या फाईलमध्ये. यजमानाचा दिवस कुणी पुसत नाही.

“कोट घाला, बाई,” तो म्हणाला. “मला वाटतं, कोट घाला.”

तळघरात जाऊन त्याने पाहुण्याला उठवलं. मग माउस त्यांच्याच हाती दिला. फ्लॉपी उघडली. आत एकच फाईल. त्यांनी ती उघडली आणि हिरवे तुरे पडद्यावर एकमेकांचे हात धरून उभे राहिले.

“मंगळवारचा आहे,” आनेरोझबाई हलकेच म्हणाल्या. बोट खालच्या काठाकडे गेलं. “इथे बघा, हे सुटे आहेत. काल बसच्या घाईत दुसऱ्यांदा साठवायचं राहिलं. जन्मात पहिल्यांदा राहिलं असेल.” आणि अचानक त्या हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “कोल्बेबाई असत्या तर दोघांनाही कोपऱ्यात उभं केलं असतं.”

गेर्नोट भिंतीला टेकून उभा राहिला. पुटपुटल्यासारखं म्हणाला, “मला उभं केलं असतं तरी चाललं असतं.”

एका दिवसाचं काम गेलं होतं आणि एक दिवस हातात होता. सकाळी साडेनवाला त्या बसल्या. गेर्नोट वर जायला निघाला, तशी त्यांनी बाजूची खुर्ची ओढली.

“कुठे निघालात? नियम काय आहे तुमचा? शेजारी बसायचं, बघायचं.”

“तो वस्तू ज्याची असेल त्याला.”

“बसा.”

तो बसला. दिवसभर बसला. आपण कुणाच्या शेजारी नुसतं बघत बसलोय, असं त्याच्या आयुष्यात क्वचितच झालं असेल. एका तुऱ्याच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत त्या आडवा टाका घालायच्या, परत येताना त्याच्यावरूनच दुसरा, आणि मग म्हणायच्या, “आता ओढून बघा.” ओढायला अर्थात काही नव्हतं, पण गेर्नोट मनातल्या मनात ओढायचा आणि मान हलवायचा. दुपारी कार्लाने ताटं खालीच आणली. तिने दाराशी उभं राहून जरा वेळ बघितलं.

“चाळीस वर्षं सांगतेय, जरा शेजारी बस म्हणून. त्याला संगणक बिघडावा लागला.”

“माझ्याकडे पाठवत जा अधूनमधून,” आनेरोझबाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. “बिघडवून ठेवीन काहीतरी.”

साडेचार वाजता त्यांनी नक्षी डिस्कवर साठवली, फ्लॉपीवर साठवली, आणि मग गेर्नोटने ती एका खऱ्या फ्लॉपीवर उतरवली. खरं यंत्र कुरकुरलं. तो आवाज ऐकून आनेरोझबाईंनी डोळे मिटले.

“गेर्नोट ना नाव तुमचं?” निघताना जिन्यात थांबून त्या म्हणाल्या. “मी आनेरोझ. आता अहो-जाहो पुरे.”

त्याने हात पुढे केला. तिने तो हातात घेतला, पण लगेच सोडला नाही.

शुक्रवारी क्र्योगरच्या कार्यशाळेत निम्मं सामान आधीच खोक्यांत गेलं होतं. मधोमध ते यंत्र, दहा पावलं लांब, शेकडो सुयांचं. टिल क्र्योगर, पंचेचाळिशीचा, चार पिढ्यांच्या धंद्याची शेवटची पिढी. तो फ्लॉपी लावत होता तेव्हा गेर्नोटने विजेच्या कपाटाचं दार उघडून आत पाहिलं. तपासणाऱ्याचा शिक्का आतल्या बाजूला असतो. त्यांच्या कारखान्यात त्याचा स्वतःचा नंबर सत्तेचाळीस. शिक्का बाराचा निघाला. बारा म्हणजे रोल्फ, दोन टेबलं सोडून बसायचा, जेवणाच्या सुट्टीत माउथऑर्गन वाजवायचा. गेर्नोटने शिक्क्यावरची धूळ अंगठ्याने पुसली आणि दार लावलं.

“किती वाजले?” टिलने उगाचच विचारलं आणि कळ दाबली.

शेकडो सुया एकदम कापडात शिरल्या. त्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं. आनेरोझ यंत्राच्या कडेकडेने चालत होती, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत आणि परत, हात पाठीमागे बांधून. बेकरीतली बाई कुठल्या कुठे गेली होती. मध्येच तिने टिलला खूण केली, त्याने थांबवलं, एक तुटलेला दोरा ओवला, पुन्हा सुरू. चार तास गेले.

मग टिलने एक हातभर तुकडा कापला आणि कोमट पाण्याच्या टबात सोडला. तिघंही वाकून उभी राहिली. कापड आधी गढूळ झालं, मग चिकट, मग त्याच्या कडा दिसेनाशा झाल्या. गेर्नोटची नजर खालच्या काठावर, गुरुवारच्या टाक्यांवर. पाणी दुधाळ झालं होतं, काही दिसत नव्हतं.

“काढ ना,” टिल म्हणाला.

“थांब.” आनेरोझने बाह्या वर केल्या. दोन्ही हात पाण्यात घातले, कोपरापर्यंत, आणि सावकाश उचलले.

पाणी निथळलं. तिच्या बोटांवर होलुंडरचे तुरे लोंबत होते, एकमेकांना धरून, काठापर्यंत. तिने एका तुऱ्याला धरून हलकेच ओढलं. सगळी जाळी त्याच्यामागे आली.

टिलने नाक पुसलं आणि खोक्यांकडे गेला. गेर्नोटला एक वाक्य बोलायचं होतं, क्षमा मागायचं. गुरुवारपासून ते त्याने मनात तयार ठेवलं होतं. पण ते बाहेर आलं ते असं:

“कोल्बेबाई कुठे असतात?”

“गेल्या रे कधीच. माझ्या लग्नातसुद्धा ओरडल्या होत्या मला, फुलं एका हातात धर म्हणून.” तिने जाळी टॉवेलवर पसरली. “त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले बघ. तेव्हा रागच यायचा.”

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी गेर्नोटने गाडी नेहमीसारखी सभागृहात आणली. खिडक्यांत नाताळच्या दिव्यांच्या कमानी लागल्या होत्या. पडद्यावर धूळ बसू नये म्हणून घोंगडीखाली पांढऱ्या जाळीचा एक तुकडा टाकला होता.

“हे काय!” फोल्कमार ओरडला. “पाहुण्यांना पडदे शिवलेस?”

“भेट आलीये.”

“मला टोस्टरवाल्यांनी आजवर ब्रेडसुद्धा दिला नाही.”

गेर्नोटने जाळीची घडी करून ती वरच्या खिशात ठेवली आणि संगणक सुरू केला. लोक यायला अजून अवकाश होता. त्याने अठ्ठ्याण्णव सालच्या पाहुण्याला उठवलं. आत होलुंडर होता, गुरुवारचा, पूर्ण. त्याने नवी स्थिती जपून ठेवायला सांगितली. नेहमीची चौकट आली: नाव काय द्यायचं? त्याची बोटं सवयीने ‘स्वच्छ’कडे निघाली आणि कीबोर्डवर अधांतरी थांबली.

मग ज्या बाईला त्याने कधी पाहिलं नव्हतं, जिने पन्नास वर्षांपूर्वी एका चिडलेल्या मुलीकडून प्रत्येक पट्टी दोनदा पाडून घेतली होती, तिचं नाव त्याने एकेक अक्षर शोधत लिहिलं: कोल्बेबाई.

दाराशी एक बाई फ्लॉप्यांचा डबा घेऊन उभी होती. गेर्नोटने शेजारची खुर्ची ओढली.

“या,” तो म्हणाला. “बसा इथे, माझ्या शेजारी.”